अंतःपुरात वनजाबाई

वनजाच्या दोन्ही गालांवर वांग होता. पूजिता पोटात असताना तो आला. पुढे पूजिता जन्मली, शाळेत गेली, शिकून बेंगळुरूला नोकरीला लागली. वांग होता तिथेच राहिला. म्हैसूरच्या त्या घरात मराठी बोलत, पण असल्या गोष्टींना कन्नड शब्दच तोंडी बसलेले, म्हणून त्याला सगळे 'बंगु' म्हणत. समाजात 'ती बंगुवाली, पिसेंची सून' एवढं म्हटलं की लगेच कळायचं.

पिसे मूळचे रंगारी. कापड रंगवायचा धंदा आजेसासऱ्यांबरोबर संपला, आणि आता देवराज मोहल्ल्यात दामोदररावांचं मॅचिंग सेंटर होतं. अस्तर, फॉल, परकर, ब्लाउजपीस. पुढे गल्ल्यावर दामोदरराव बसत, मागे पत्र्याच्या पडवीत वनजा. एखाद्या साडीच्या छटेचं अस्तर फडताळात नसलं, की ती पांढरं कापड पातेल्यात उकळून त्या रंगात काढून देई. तिला ते काम आवडे. पातेल्यातून वाफ येई, रंग हळूहळू कापडात उतरे, आणि तेवढा वेळ तिच्याकडे कुणी बघत नसे.

दामोदरराव वाईट माणूस नव्हते. पीत नसत, हात उगारत नसत. बायकोचा चेहरा त्यांना आवडत नसे, एवढंच. आणि तो आवडत नाही हे लपवायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत. लग्नकार्यात फोटो काढायची वेळ आली, की ते हातानेच खूण करत आणि वनजा मागच्या रांगेत जाई. पुढेपुढे खुणेचीही गरज उरली नाही.

पूजिता आईवर नव्हती गेली. तिचा रंग वडलांचा, नाक आत्याचं. बेंगळुरूच्या एका कंपनीत ती समारंभ उभे करायचं काम करी. घरी फोन करी तो कामापुरता: आधार कार्डाचा फोटो पाठव, लोणच्याची बरणी कुणाबरोबर तरी पाठव. पण त्या वर्षी दसरा सरला आणि तिचे दुपारचे फोन सुरू झाले.

"अम्मा, काहीतरी सांग ना."

"काय सांगू? स्वयंपाक सांगू?"

"अय्यो, तसं नाही. तुझं सांग. तू लहान होतीस तेव्हाचं. लग्नाचं. बंगु आला तेव्हा तुला काय वाटलं ते."

हे वनजाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग मात्र धार लागली. पातेल्यात काठी फिरवता फिरवता उद्या काय सांगायचं ते ती मनात जुळवून ठेवी. बघायच्या कार्यक्रमात मोठ्या नणंदेने, सुष्माक्काने, तिला हाताला धरून खिडकीपाशी नेलं होतं आणि कापडाचा ताका बघावा तसं उजेडात वळवून बघितलं होतं, ते सांगितलं. रक्तचंदन, जायफळ, कच्चा बटाटा, औषधाच्या दुकानातलं ते मलम, ज्याने गालाची सालं निघाली, ते सगळं सांगितलं. पूजिता मध्येमध्ये म्हणे, "हं... मग? मग पुढे?" त्या 'मग'साठी वनजा काहीही सांगायला तयार झाली होती.

एका दुपारी, आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्टही तिने सांगून टाकली. टी. नरसीपूरला संगमावर स्नानाला निघाले होते दोघं. बसमध्ये दामोदररावांना एक जुना व्यापारी भेटला. वनजाकडे बघून त्याने विचारलं, "यारु, मनेयवरा?" म्हणजे, ही घरची मंडळी का? आणि दामोदरराव म्हणाले, "नाही, दुकानातली बाई आहे. नवस आहे म्हणाली, म्हणून आणली." मग नरसीपूर येईपर्यंत वनजा दुकानातली बाई होऊन बसली. उतरताना त्यांची पिशवीही तिनेच धरली. ती दुकानातल्या बाईनेच धरायची असते.

हे सांगून झाल्यावर फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. "रडतेस का गं पूजी?" वनजाने विचारलं.

"नाही अम्मा. तू बोल. ऐकतेय मी."

आपली मुलगी आपली झाली, असं वनजाला त्या दिवशी वाटलं.

संक्रांतीच्या सुमाराला कळलं, की पूजिताच्या कंपनीचा एक मोठा कार्यक्रम म्हैसूरलाच आहे. नजरबादकडच्या एका जुन्या बंगल्यात. कपडे, दागिने, क्रीम, अत्तरं. पण नुसतं प्रदर्शन नाही, सगळा बंगलाच नाटक केलेला. माणसांनी खुर्चीवर बसून बघायचं नाही, आतून चालत जायचं, नट-नट्या तुमच्याशी वागणार, तुम्हीही त्यातलेच. त्याचं नाव 'अंतःपुर'.

"मी येऊ का गं बघायला?" वनजाने विचारलं.

"अम्मा, ते कंपनीच्या बोलावलेल्या लोकांसाठी आहे. तुला बोर होईल. सुम्मने, उगाच कशाला दगदग?"

वनजा 'आयतु', बरं, एवढंच म्हणाली आणि विषय संपला. पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सुष्माक्का दुकानात आली. तिच्या मुलीचं, अमूल्याचं, बुटिक होतं आणि अंतःपुरात तिचे काही पोशाख मांडले होते.

"आमचे हे येत नाही म्हणतात, एक पास वाया जाईल. वनजा, चल तू. माझी पर्स धरायला तरी कुणी हवं."

दामोदरराव गल्ल्यावरून म्हणाले, "ही कशाला?" मग बहिणीचा चेहरा बघून म्हणाले, "बरं, जाऊ दे. अक्काच्या मागे राहा म्हणजे झालं."

वनजाने लग्नातली म्हैसूर सिल्क नेसली. पूजिता आपल्याला बघून चकित होईल, या विचाराने तिला वाटेत रिक्षात हसू येत होतं.

बंगल्याच्या ओसरीवर दासी झालेल्या मुली उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांच्या चपला काढून घेतल्या, मनगटाला मोगऱ्याचं अत्तर लावलं आणि ओठांवर बोट ठेवून सांगितलं, की इथून पुढे मौन. पहिल्या दालनात समया लावलेल्या होत्या आणि भिंतींपाशी पुतळे. जवळ गेलं की पुतळा डोळे उघडी, मान वळवी, आणि अंगावरचा पदर तुमच्या हातात देई. अमूल्याचा हिरवा घागरा दिसला तशी सुष्माक्काने वनजाला कोपराने ढोसलं. दुसऱ्या दालनात दगडी घंगाळं होती, हळदीचं पाणी होतं, बायका ओव्यांसारखं काही गुणगुणत पाहुण्यांचे हात धूत होत्या. एका दासीने वनजाचे हात पाण्यात घेतले आणि नखांत मुरलेला निळा रंग बघून ती चपापली. मग नाटकातच असल्यासारखी हसली आणि जास्तच हळुवार धुवायला लागली. वनजाला ते सगळं फार आवडलं. आपले हात दुसऱ्या कुणी धुतल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिसरं दालन अंधारं होतं. भिंतीभर आरसे टांगलेले, आणि प्रत्येकावर मलमलीचा पडदा. आरशाच्या मागून बायकांचे आवाज येत होते: कन्नड, तमिळ, उर्दू. बाई आपल्या चेहऱ्याबद्दल बोले, आणि ती बोले तसतशी इंग्रजी अक्षरं पडद्यावर उमटत. पाहुणे एका आरशापाशी थांबत, वाचत, हळहळत, पुढे सरकत. शेवटच्या आरशापाशी सगळ्यात जास्त गर्दी होती, आणि तिथून हसण्याचा आवाजही येत होता.

सुष्माक्का गर्दीत घुसली, मागोमाग वनजा.

आवाज मराठी होता. जरासा चिरका, घाईघाईने बोलणारा. वनजाला आधी वाटलं, ही आपल्या थोरल्या बहिणीसारखी बोलते. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून कुठे माहीत असतो?

"...रंग नीट चढला नाही बघ. देवाने पातेल्यात घातलं आणि मध्येच कॉफी प्यायला उठला. असं डागाळलेलं कापड आम्ही गिऱ्हाइकाला दिलं असतं, तर तोंडावर फेकलं असतं त्याने..."

पडद्यावर अक्षरं उमटली आणि लोक खळखळून हसले. वनजाही हसली. मग तिचं हसू तोंडातच राहिलं. हे वाक्य तिचं होतं. पडवीत, कानाशी फोन धरून, पातेल्यात काठी फिरवत ती हे बोलली होती. मागे पत्र्यावर माकड उडी मारून गेल्याचा आवाज होता, तोही त्यात होता.

"तू पोटात होतीस तेव्हा आला. तू बाहेर आलीस, तो राहिला. बिडु, जाऊ दे म्हटलं, एक तरी गोरं निघालं..."

एका तरुण बाईने डोळे पुसले. शेजारच्या पुरुषाने तिच्या कानाशी लागून म्हटलं, "काय अभिनय आहे!"

वनजाला मागे फिरायचं होतं, पण मागे माणसं होती. सुष्माक्का पडद्याकडे तोंड करून उभी. वनजाला माहीत होतं, आता काय काय येणार. ते एकेक येत गेलं. नणंदेने खिडकीपाशी नेऊन ताक्यासारखं वळवलं ते आलं. सुष्माक्काची मान ताठ झाली. मग बस आली, संगम आला, व्यापारी आला.

"...म्हणाले, नाही, दुकानातली बाई आहे."

कुणीतरी खिक् करून हसलं, कुणी त्याला दटावलं. आवाज पुढे रडायला लागला होता. त्या दिवशी फोनवर आपण रडलो होतो, हे वनजा विसरली होती. आता तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. नाक ओढल्याचं, थांबल्याचं, 'ऐकतेस ना गं?' विचारल्याचं. पूजिताचं 'तू बोल, ऐकतेय मी' तेवढं कापून टाकलं होतं.

सुष्माक्का वळली. मौनबिन कुठल्या कुठे गेलं.

"अगं वनजा! ही तूच की! माझ्या भावाची अब्रू इथे भिंतीला टांगलीस?"

सगळं दालन वळून बघायला लागलं. काहींना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. दोन-तीन फोन वर झाले. कानाला हेडसेट लावलेली पूजिता गर्दीतून धावत आली, आणि आईला बघून जागच्या जागी थिजली. तिच्या मागोमाग, जिच्यासाठी हा सगळा घाट होता त्या क्रीमच्या कंपनीची मालकीण आली, पांढऱ्या साडीतली, उंच. तिने इंग्रजीत विचारलं, काय झालं, या कोण?

पूजिताने आईकडे बघितलं नाही. "गेस्ट आहेत मॅम," ती इंग्रजीतच म्हणाली. "जरा इमोशनल झाल्या. मी बाहेर नेते."

"गेस्ट?" सुष्माक्का कडाडली. "आईला गेस्ट म्हणतेस? हिचाच आवाज तो, आणि ही तिची मुलगी!"

मालकिणीला मराठी येत नव्हतं, पण तेवढं कळायला भाषा लागत नाही. तिने आरशाकडे बघितलं, वनजाच्या गालांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. तिने वनजाचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांना लावले. मग पूजिताला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. पूजिताने क्षणभर मान खाली घातली. मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि आवाज सगळ्या दालनाला ऐकू जाईल एवढा होता.

"ही माझी अम्मा आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वनजाला कुणी धरलं, कुणी पाठीवर हात फिरवला, आणि त्या प्रेमळ धक्क्याधक्क्यांत ती मागच्या चौकात पोचली. तिथे शेवटचा प्रवेश ठरलेला होता: झोपाळ्यावर राणी बसते आणि तिचा साजशृंगार होतो. राणीला बाजूला उभं केलं, झोपाळ्यावर वनजाला बसवलं. समोर मोठं पांढरं कापड ताणलेलं होतं. कॅमेऱ्याचा दिवा तोंडावर पडला आणि त्या कापडावर वनजाचा चेहरा आला, भिंतीएवढा. वांगाचा एकेक ठिपका पोळपाटाएवढा दिसत होता.

"पूजी," वनजा म्हणाली, "मला घरी जायचंय."

पूजिता तिच्याजवळ वाकली. तिच्या हातात माईक होता, तो तिने पाठीमागे धरला. "अम्मा, प्लीज. थोडाच वेळ. माझी नोकरी आहे ही. नुसती बसून राहा, बोलायचंही नाही काही."

मग माईक पुढे घेऊन तिने लोकांना इंग्रजीत सांगितलं, की अम्मा म्हणते, तिला फार आनंद झालाय.

एका मुलीने वनजाच्या गालांवर क्रीम लावलं, मग दुसरं, मग पावडर, मग ओठांना रंग. तिची बोटं मऊ होती. कापडावरचा चेहरा हळूहळू एकसारखा होत गेला. वांग गेला, डोळ्यांखालचा काळेपणा गेला. शेवटी दिसली ती एक देखणी, थकलेली बाई. टाळ्यांचा कडकडाट झाला. वनजा त्या बाईकडे बघत राहिली. ती बाई तिला आवडली, हेच सगळ्यात वाईट झालं. एवढ्या माणसांसमोर, एवढं सगळं होऊनही, तिच्या मनात आलं, की अशी असते तर. आणि मग तिला स्वतःची एवढी किळस आली, की तिने पदराने तोंड पुसायला घेतलं. पण त्या मुलीने हसत हसत तिचा हात धरून ठेवला. अजून फोटो व्हायचे होते. फोटोत वनजाला मधोमध उभं केलं.

सुष्माक्का थांबली नव्हती. वनजा घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि भावाला बहिणीचा फोन केव्हाच येऊन गेला होता. दामोदरराव पाटावर बसले होते. त्यांनी मान वर करून बघितलं. रंगवलेला, बिनवांगाचा तो चेहरा ते बघत राहिले, इतका वेळ की वनजाला पदर सारखा करावासा वाटला.

"आपल्यातलं कोण कोण होतं तिथे?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत."

"मी तसं बोललो होतो? बसमध्ये?"

"बोललात."

"मला आठवत नाही," दामोदरराव म्हणाले. ते खोटं नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग म्हणाले, "धुऊन टाक ते. सोंग दिसतं."

आठवड्याभरात मोहल्लाभर फोनवरून त्या आरशांच्या दालनातली चित्रफीत, आवाजासकट, फिरली. समाजाच्या हिंगलाजमातेच्या पूजेला दामोदरराव गेले, तेव्हा कुणीतरी मागून कन्नडात विचारलं, "काय राव, दुकानातली बाई नाही आणली?" सगळी पंगत हसली. दामोदरराव अर्ध्या पानावरून उठले. हयातीत त्यांना कुणी हसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पडवीत दुसरी बाई ठेवली, पातेली तिच्या ताब्यात दिली आणि वनजाला सांगितलं, "तू घरीच बस. लोक तुला बघायला येतात दुकानात." तेही खोटं नव्हतं. एक-दोन गिऱ्हाइकं खरंच आत डोकावून गेली होती.

वनजा घरात बसून राहिली. हातांचा रंग उतरत गेला, आधी बोटांवरचा, मग नखांतला. स्वयंपाक करताना मध्येच तिला आपले हात परक्याचे वाटत.

पूजिताला बढती मिळाली. 'अंतःपुर' हैदराबादला, चेन्नईला जाणार होतं. एका रविवारी ती स्वतः आली, येताना क्रीमचा मोठा डबा घेऊन. आईच्या शेजारी जमिनीवर बसली, तिच्या मांडीवर हात ठेवला.

"तुला सांगायला हवं होतं अम्मा, चुकलंच. पण सांगितलं असतं, तर तू तशी बोलली असतीस का?"

"नसते बोलले."

"बघ. म्हणूनच. लोक किती रडले माहितेय? अजून थोडं हवंय त्यांना. या वेळी नीट स्टुडिओत, सगळं तुला विचारून. अण्णांचं ते बसमधलं वगैरे काहीही नको. नुसतं तुझं. करशील?"

"नाही," वनजा म्हणाली.

"का पण?"

"माझं सांगून झालं सगळं."

पूजिताने बरंच समजावलं, मग जरा रागावली, मग बस गाठायची म्हणून निघून गेली. क्रीमचा डबा राहिला. दामोदररावांनी तो उघडून वास घेतला आणि फडताळात ठेवून दिला.

पुढे महिन्याभराने तिचा फोन आला. आता दुपारी नाही, सवड होईल तेव्हा येई. इकडचंतिकडचं झालं. वनजा सांभाळून, तोलून एकेक शब्द बोलत होती. डाळ भिजत घातलीय. ऊन फार आहे. अण्णा बरे आहेत.

"अम्मा, हैदराबादचं झालं बरं का," पूजिता म्हणाली. "तू नाही म्हणालीस, मग आम्ही एका नाटकवालीकडून करून घेतलं. पुण्याची आहे. तुझं जुनं ऐकवलं तिला, सेम तशीच बोलते. म्हणजे, मॅम तर म्हणाल्या, हिचंच जास्त खरं वाटतं. लोकांना तुझ्यापेक्षा जास्त रडवलं तिने."

वनजाने भिजलेली डाळ बोटांनी चाचपून बघितली.

"दिसायला कशी आहे गं ती?"

"छान आहे. गोरी आहे, एकदम क्लिअर स्किन. पण त्याचं काय, आरशामागे कोण दिसतं?"

"हौदा? असं होय," वनजा म्हणाली. तिकडून कुणीतरी पूजिताला हाक मारली आणि फोन बंद झाला. वनजाने डाळीतलं पाणी ओतून टाकलं आणि वाटायला घेतली.